पिस्तुलाचा चाप : रचना, जुळणी आणि सुरक्षितता

परवानाधारक शस्त्रधाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. 'पिस्तूल उत्तम आहे, पण चाप फार जड आहे. थोडा हलका करून मिळाला तर बरे होईल,' अशी ती तक्रार असते. तिच्या मागोमाग बहुधा एखादा जाणकार शेजारी पुढे येतो आणि स्प्रिंगचे दोन वेढे कापण्याचा किंवा आतील दात कानशीने घासण्याचा सल्ला देतो. चाप हलका होतोही. मात्र त्याबरोबर त्या शस्त्राचे सुरक्षित शस्त्रांमधील स्थानही गेलेले असते, हे त्या दोघांनाही पुढे केव्हातरी, आणि कधी कधी फार मोठी किंमत देऊन, कळते. म्हणून चापाचे कार्य कसे चालते, त्यात काय बदलता येते, काय मुळीच बदलू नये आणि कोणी बदलावे, याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दांचा एक घोटाळा दूर करणे इष्ट होईल. आपल्याकडे 'घोडा दाबला' असे सर्रास म्हटले जाते. परंतु बोटाने जो दाबला जातो तो चाप होय. घोडा म्हणजे मागील बाजूस असणारा, स्प्रिंगच्या जोराने पुढे आपटणारा तुकडा. जुन्या ठासणीच्या बंदुकीत हा घोडा बाहेर ठसठशीत दिसत असे आणि शिकारी तो अंगठ्याने चढवीत असे. म्हणून बहुधा तोच शब्द सर्व यंत्रणेला चिकटला असावा. या लेखात मात्र चाप आणि घोडा हे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थानेच वापरले आहेत. ते एक समजल्याने पुढील विवेचन कळणार नाही.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांचे मॅगझीन बसते. वरचा सरकता पोलादी भाग, म्हणजे स्लाईड, हाताने मागे ओढून सोडली की ती मॅगझीनमधील सर्वांत वरचे काडतूस पुढे ढकलून नळीच्या मागील कोठीत, म्हणजे चेंबरमध्ये, बसविते. स्लाईड मागे जाताना घोडाही मागे दाबला जाऊन चढतो. तो चढलेल्या स्थितीत राहतो तो एका लहानशा अडसराच्या आधारावर. कारागीर याला सिअर म्हणतात. घोड्याच्या बुडाशी एक खाच असते आणि अडसराची धार त्या खाचेत अडकून बसते. बोटाने चाप ओढला की ही धार खाचेतून निसटते, घोडा पुढे येऊन टोचणीवर आदळतो, टोचणी काडतुसाच्या बुडावर बसते आणि बार होतो. बाराच्या धक्क्याने स्लाईड आपोआप मागे जाते, रिकामे कवच बाहेर फेकते, घोडा पुन्हा चढविते आणि परत येताना नवे काडतूस चेंबरमध्ये घालते. हे सारे निमिषार्धात घडते.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. पहिला बार होऊन स्लाईड परत आली तरी नेमबाजाचे बोट अजून चापावर दाबलेलेच असते. मग दुसरा बार आपोआप का होत नाही? याचे कारण असे की स्लाईड मागे जाताना चाप आणि अडसर यांमधील दुवा एका छोट्या भागाद्वारे तोडला जातो. याला डिसकनेक्टर म्हणतात. बोट सैल करून चाप पुढे जाऊ दिल्याखेरीज हा दुवा पुन्हा जुळत नाही. म्हणूनच ते शस्त्र 'अर्ध'स्वयंचलित. चापाच्या जुळणीत या तीन भागांचे, म्हणजे खाच, अडसर आणि दुवा तोडणारा भाग यांचे, महत्त्व सर्वांत अधिक आहे. खाच आणि अडसर एकमेकांत किती अडकतात हे पाहिले तर मन थक्क होते. ही पकड एका मिलिमीटरहूनही कमी असू शकते. भरलेल्या पिस्तुलाच्या धारकाचे आणि त्याच्या आसपासच्या सर्वांचे प्राण एवढ्याशा पोलादी धारेवर अवलंबून असतात.

आता 'जड चाप' म्हणजे काय ते पाहू. चाप ओढताना बोटाला जे जाणवते ते एकच नसते. प्रारंभी थोडी मोकळी चाल असते. तिच्यात प्रतिकार अल्प असतो. त्यानंतर घट्टपणा लागतो आणि अडसर खाचेतून सरकू लागतो. ही सरक खरखरीत असेल तर चाप ओढताना वाळूवरून काही ओढल्यासारखे वाटते. मग धार सुटते. सुटल्यावर चाप आणखी थोडा मागे जातो, आणि ही नंतरची चाल जास्त असेल तर ऐन बाराच्या क्षणी पिस्तुलास हिसका बसतो. पुष्कळदा ज्याला आपण वजन समजतो तो वस्तुतः खरखरीतपणा असतो. अडीच किलोग्रॅमचा परंतु स्वच्छ सुटणारा चाप दीड किलोग्रॅमच्या खरखरीत चापापेक्षा हलका भासतो, असा अनुभव आहे.

पोलीस व सैन्याच्या वापरातील पिस्तुलांचा चाप साधारणपणे दोन ते तीन किलोग्रॅम दाब घेतो. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आधी न चढविता केवळ चाप ओढून बार काढावयाचा असल्यास याहून बराच अधिक जोर लागतो. हा जडपणा कारखानदाराच्या निष्काळजीपणाचे फळ नव्हे. घाबरलेल्या, घामेजलेल्या किंवा धावपळीत असलेल्या माणसाचे बोट नकळत आवळले गेले तरी बार होऊ नये, यासाठी तो हेतुतः ठेवलेला असतो. उलट, नेमबाजीच्या क्रीडेत स्थिर उभे राहून, शस्त्र लक्ष्याकडेच रोखलेले ठेवून बार काढावयाचे असल्यामुळे चाप हलका ठेवण्यास मुभा आहे. तरीही आंतरराष्ट्रीय नियमांनी किमान मर्यादा घातलेली आहे. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात चापाचे वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. २५ मीटरच्या पिस्तूल प्रकारांत ही मर्यादा १००० ग्रॅम आहे. पिस्तुलाची नळी उभी धरून, चापाला ठरावीक वजन टांगून, ते पृष्ठभागावरून अलगद उचलून पाहावयाचे, अशी तपासणीची पद्धत आहे. वजन उचलले जाण्यापूर्वीच चाप सुटला तर शस्त्र नापास. स्पर्धेनंतरही अचानक तपासणी होते व तीत वजन कमी भरल्यास स्पर्धक बाद ठरतो. ज्या खेळात चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडाव्या लागतात, तेथेही एक किलोग्रॅमची अट शिथिल केलेली नाही, हे चाप हलका करू पाहणाऱ्याने ध्यानात घ्यावे. याच प्रकारात विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांग येथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकाविले, तेही याच मर्यादेत राहून.

क्रीडा पिस्तुलांत चापाची जुळणी करण्याची सोय निर्मात्यानेच केलेली असते. चापाजवळ दोन-चार बारीक स्क्रू असतात. एकाने वजन कमी-अधिक होते, दुसऱ्याने प्रारंभीची मोकळी चाल ठरते, तिसऱ्याने सुटल्यानंतरची चाल रोखली जाते, आणि काहींत चापाचे पाते बोटाच्या लांबीनुसार पुढे-मागे करता येते. अशा पिस्तुलाची जुळणी खेळाडूने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करण्यास हरकत नाही. परंतु तिचा आरंभ स्क्रूपासून होत नाही. तो शस्त्र रिकामे करण्यापासून होतो. याच ठिकाणी सर्वाधिक चुका होत असल्यामुळे हा भाग काहीसा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

पिस्तुलाचे तोंड सुरक्षित दिशेस, म्हणजे जिकडे गोळी सुटली तरी कोणास इजा होणार नाही अशा बाजूस, ठेवावे. बोट चापाच्या कड्याबाहेर, सरळ. प्रथम मॅगझीन काढून बाजूस ठेवावे. त्यानंतरच स्लाईड मागे ओढून चेंबरमधील काडतूस बाहेर काढावे, स्लाईड मागेच अडकवून ठेवावी, आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे व करंगळीने चाचपावे. हा क्रम उलटा झाला तर काय होते? मॅगझीन आत असताना स्लाईड ओढली की चेंबरमधील काडतूस बाहेर पडते खरे, परंतु स्लाईड पुढे जाताना मॅगझीनमधील दुसरे काडतूस त्याच क्षणी चेंबरमध्ये जाऊन बसते. मग मॅगझीन काढले जाते. धारकाच्या डोळ्यांदेखत एक काडतूस बाहेर पडलेले असते, मॅगझीन हातात असते, आणि पिस्तूल रिकामे आहे अशी त्याची पक्की खात्री झालेली असते. 'रिकाम्या' पिस्तुलाने झालेल्या अनेक अपघातांचे मूळ या एका उलट्या क्रमात आहे. काडतुसे मोजून दुसऱ्या खोलीत ठेवावीत. ज्या टेबलावर काम चालले आहे तेथे एकही काडतूस असता कामा नये.

यानंतर निर्मात्याची पुस्तिका समोर ठेवून स्क्रू फिरवावा, तोही एका वेळी एकच आणि पाव वेढ्याहून अधिक नव्हे. मूळ स्थिती कागदावर टिपून ठेवावी. दोन स्क्रू एकदम फिरविणाऱ्यास बिघाड कोणत्यामुळे झाला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. सुटल्यानंतरची चाल रोखणारा स्क्रू अति आवळू नये. चाप पुरता मागे न गेल्यामुळे घोड्याची खाच अडसराला घासत पुढे जाते व दोहोंच्या धारा बोथट होतात.

प्रत्येक बदलानंतर रिकाम्या पिस्तुलावर काही चाचण्या कराव्यात. घोडा चढवून त्यावर मागून अंगठ्याने बेताचा दाब द्यावा. तो पडता कामा नये. सुरक्षा खटका लावून चाप ओढावा, सोडावा आणि मग खटका काढावा. खटका काढताना घोडा पडला तर अडसर आधीच अर्धवट सरकला होता असे समजावे. हा दोष फार फसवा असतो, कारण खटका लावलेला असेतोवर सर्व ठीक दिसते. त्यानंतर चाप ओढून घोडा पाडावा, बोट तसेच दाबून धरून स्लाईड मागे ओढून सोडावी. घोडा चढलेलाच राहिला पाहिजे. आता बोट हळूहळू सैल करावे; दुवा पुन्हा जुळल्याचा बारीक टक आवाज येतो, आणि चाप पुन्हा ओढला की घोडा पडतो. स्लाईडबरोबर घोडाही पुढे आला किंवा तो मध्येच अर्ध्या खाचेत अडकला, तर ते शस्त्र तत्क्षणी बाजूस ठेवावे. अर्धी खाच ही मुख्य पकड सुटल्यावर घोडा अडविण्याची शेवटची तजवीज आहे. तिचा उपयोग झाला याचा अर्थ पहिली तजवीज निकामी झाली. सर्व चाचण्या उतरल्यानंतर मैदानावर, नियमानुसार, मॅगझीनमध्ये प्रथम एक आणि नंतर दोनच काडतुसे घालून परीक्षा घेतात. दोनच का, तर एका ओढीत दोन बार होण्याचा दोष असल्यास तो दुसऱ्या गोळीवरच थांबावा. मॅगझीन भरून परीक्षा घेणाऱ्याच्या हातून तोंड वर उसळलेले पिस्तूल कोणत्या दिशेस गोळ्या फेकील, याची हमी कोण देणार?

वर सांगितलेले सर्व केवळ बाहेरून फिरविता येणाऱ्या स्क्रूंच्या बाबतीत आहे. स्वसंरक्षणासाठी दिलेल्या .३२ पिस्तुलांत किंवा पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलांत असे स्क्रू सहसा नसतात. तेथे चाप हलका करावयाचा म्हणजे खाच, अडसर किंवा स्प्रिंग यांस हात घालणे आले, आणि ते काम धारकाचे नव्हे. कानशीचे दोन हात फिरले की पोलादाचा वरचा कठीण थर जातो. खालचे मऊ पोलाद काही दिवस व्यवस्थित काम करते आणि मग झिजू लागते. आज ठीक असलेला चाप तीन महिन्यांनी, स्लाईड जोराने बंद झाल्याच्या हादऱ्यानेच सुटतो. घोड्याची स्प्रिंग कापली तर टोचणीचा ठोका दुबळा पडून काडतूस पेटत नाही; धारक ते मागे ओढून पाहू लागतो, आणि क्वचित त्याच वेळी उशिराने पेट घेतलेला बार होतो. अडसराची स्प्रिंग सैल केली तर पिस्तूल जमिनीवर पडताच बार होण्याचा संभव वाढतो. ही भीती कल्पित नव्हे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत एका सुपरिचित अभिनेत्याच्या घरी परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातून निसटून पडले आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. शस्त्र परवान्याचे होते, घर स्वतःचे होते, शत्रू कोणी नव्हता.

ब्राउनिंग हाय पॉवर या १९३५ साली प्रचारात आलेल्या पिस्तुलाचे उदाहरण या संदर्भात बोधक आहे. आपल्या देशात पोलीस व सैन्याकडे असलेले ९ मिलिमीटर पिस्तूल याच घराण्यातील. याच्या मूळ रचनेत मॅगझीन काढले की चाप निकामी होतो. त्यासाठी चापात बसविलेला छोटा दांडा मॅगझीनच्या पुढील अंगावर टेकतो व चाप ओढताना त्यावर घासतो. त्यामुळे चाप थोडा जड व खरखरीत होतो. हा दांडा काढून टाकला की चाप सुधारतो, हे खरे. म्हणून अनेक देशांतील हौशी नेमबाजांनी तो काढला. परंतु मग मॅगझीन बाहेर असतानाही चेंबरमधील काडतूस उडते, आणि ते पिस्तूल पुढे ज्याच्या हाती जाते त्याला हा बदल ठाऊक नसतो. बहुतेक अन्य पिस्तुलांत अशी योजना मुळातच नसते. म्हणून मॅगझीन काढले म्हणजे शस्त्र निकामी झाले, असे कोणीही गृहीत धरू नये.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ५ अन्वये परवान्यावाचून शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर अथवा चाचणी धंदा म्हणून करता येत नाही. गावातील लोहार किंवा मोटार दुरुस्तीवाला कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे पिस्तूल देणे म्हणजे त्यालाही गुन्ह्यात ओढणे होय. २०१९ च्या दुरुस्तीने या अधिनियमाखालील शिक्षा अधिक कडक करण्यात आल्या, एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोन झाली व परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवाना मागणाऱ्यास शस्त्रे व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. चापात दोष वाटल्यास परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीकाराकडे परवान्यासह जावे, दोष लेखी सांगावा आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवावी.

अर्थात दुरुस्तीकाराकडे जाण्यापूर्वी एक साधी गोष्ट करून पाहावी. गोव्याच्या पावसाळी हवेत चार महिने कपाटात पडून राहिलेल्या शस्त्राचा चाप जड होण्याचे कारण बहुधा गंज आणि चिकटलेले तेल हेच असते. घरात सहज हाती लागते म्हणून खोबरेल तेल घालण्याचा मोह होतो. परंतु ते सुमारे २४ अंश सेल्सियसखाली गोठते आणि जुने झाल्यावर चिकट होते. बंदुकीसाठी तयार केलेले पातळ तेल, तेही थेंबभर, वापरावे. कातडी म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवू नये, कातडे ओल धरते. एवढ्याने अनेक चापांची तक्रार संपते.

उरलेल्या तक्रारींपैकी पुष्कळ बोटाच्या असतात. शिकाऊ नेमबाज बाराच्या अपेक्षेने दचकून चाप खेचतो. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या मग लक्ष्याच्या खाली व डावीकडे लागतात, आणि दोष चापावर येतो. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर ठेवून, मनगट व मूठ न हलविता, दाब सरळ मागे आणि एकसारखा वाढवीत नेला म्हणजे बार केव्हा होतो हे नेमबाजालाही आगाऊ कळत नाही, आणि तोच बार उत्तम लागतो. एन.सी.सी. किंवा शालेय रायफल क्लबच्या शिक्षकांनी हा सराव रिकाम्या शस्त्रावर करून घ्यावा. मात्र .२२ च्या शस्त्रांत चेंबर रिकामे ठेवून वारंवार चाप ओढल्यास टोचणी चेंबरच्या काठावर आदळून दोहोंची हानी होते. त्यासाठी सरावाची खोटी काडतुसे मिळतात, ती वापरावीत.

शेतीरक्षणासाठी परवाना असलेल्या एकनळी बंदुका सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत, तसेच सीमेपलीकडे खानापूर तालुक्यात आढळतात. रानडुक्कर व गवे यांच्या भीतीने त्या रात्री भरून ठेवल्या जातात. बाहेरचा घोडा अर्ध्या खाचेत ठेवून माळ्यावर चढणे किंवा कुंपण ओलांडणे धोक्याचे आहे. अनेक वर्षे वापरलेल्या बंदुकीची ही खाच झिजलेली असते आणि फांदीचा हलका धक्काही तिला पुरतो. वाटेत काडतूस काढून खिशात ठेवावे, जागेवर पोहोचल्यावर भरावे.

निवडणुकीच्या काळात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. जमा करताना शस्त्र घरीच रिकामे करून न्यावे, काडतुसे वेगळ्या पिशवीत ठेवावीत आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक पडताळून घ्यावा. परत घेताना अनेकजण ते नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी ठाण्याच्या व्हरांड्यातच चाप ओढून पाहतात. तसे करू नये. तेथे केवळ मॅगझीन काढून, स्लाईड मागे ओढून, चेंबर रिकामे असल्याची खात्री ठाण्यातील आर्मरर किंवा कर्मचाऱ्यासमक्ष करावी. चापाची चाचणी घरी, वर सांगितलेल्या क्रमाने आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून.